केसभर

गणपती पेठेच्या मागं, पारिसा मगदुमांच्या अडतीत
हळदीच्या पोत्यांआड उभं होतं ते मशीन.
चार लोखंडी पाय, वर काच, काचेखाली सर्कस :
एक सिंह, झोपाळ्यावरची बाई, दोन विदूषक,
आणि पोलादी गोळी जिथनं रोज घरंगळायची
तिथं नुसतं लाकूड,
खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

"वडलांनी मिरजेच्या क्लबातनं लिलावात उचललं," पारिसा म्हणाला.
"महापुरात पाणी पायांपर्यंतच आलं, नशीब.
आता तुम्ही रेघा आणि अक्षरं तेवढी करा."

तेवढी.
रेडियमचं कटिंग आलं तेव्हापासून
माझ्याकडं कुणी रेघ मागितली नव्हती.
नंबरप्लेटी गेल्या, दुकानांच्या पाट्या गेल्या,
उसाच्या ट्रॉलीवरची पोरांची नावं गेली.
राहिला खारीच्या शेपटीचा एक ब्रश,
जो मी दर दिवाळीला रॉकेलनं धुतो,
खोबरेल लावतो, आणि परत ठेवून देतो.

आधी पुसलं. थुंकी आणि कापूस, दुसरं काही नाही.
कापसावर आला विडीचा धूर,
कुणाकुणाच्या बोटांचं तेल.
मग लाखेचा एक पातळ हात दिला,
म्हणजे माझी चूक वरच्यावर पुसता येईल,
खालच्या माणसापर्यंत पोचणार नाही.

खालचा माणूस कोण, ठाऊक नाही.
परदेशातल्या कुठल्या कारखान्यात
जाळीच्या चौकटीतनं रंग खेचणारा कुणीतरी.
त्याचा काळा, पिवळ्यावर केसभर सरकून बसलाय.
आयाळीच्या डाव्या अंगाला सबंध
पिवळ्याची एक फट.
जेवणाची घंटा झाली असेल.

"ते तेवढं सरळ करून टाका की," पारिसा म्हणाला.

करंगळी टेकवायची. अर्धा श्वास सोडायचा,
उरलेला रेघ संपेपर्यंत आत.
ओढायची खांद्यानं, यल्लाप्पा मास्तर सांगायचे,
आणि डोळा ठेवायचा रेघ पोचणार तिथं,
ब्रशाकडं बघितलंस की वाकली.
सायकल शिकवतानाही ते हेच म्हणाले होते.

इंग्रजी मला येतं ते नंबरप्लेटीपुरतं.
एस-चं पोट गेलेलं, शेवटच्या टी-ची नुसती आडवी काठी.
"स्पेशल," पारिसाची नात सुप्रभा वाकून म्हणाली,
"स्पेशल, दिवा लागल्यावर."
म्हणजे काय ते तिलाही सांगता येईना.
मी आपला अक्षराच्या आतली रिकामी जागा मोजत बसलो :
पी-ची खिडकी, ए-मधला तंबू.
पोकळी बरोबर आली की भिंती उभ्या राहतात.

पिवळा तीन दिवस जमेना. डब्यातला नवा किंचाळायचा.
थेंबभर काळा, कणभर गेरू, परत पांढरा.
शेवटी पोत्याखाली सांडलेली राजापुरीची चिमूट
तळहातावर घेऊन सिंहाशेजारी धरली.
रंगात नाही घातली, उन्हात उडते ती.
नुसती बघितली, आणि मग डब्यात तसा केला.

अकराव्या दिवशी आयाळीपाशी आलो.
पारिसा सौद्याला गेलेला. ब्रश भरलेला.
सरळ करणं सोपं होतं, डोळे मिटून केलं असतं.
केसभर बाजूला, त्याच्याच मापानं,
त्याचा वाकडेपणा न थरथरता धरून ठेवायला
दुपार गेली. चहा दोनदा गार झाला.

वायरमन आला, खटका दाबला,
सुप्रभानं स्प्रिंग ओढून सोडली.
पहिलीच गोळी माझ्या एस-वरनं गेली.
"अगं हळू, ओलं असेल!" पारिसा ओरडला.
वाळलंय, म्हटलं. तिचा रस्ताच आहे तो.

दिवा काही लागला नाही.
वायरमन मशीनखाली शिरला,
आणि पारिसा चष्मा कपाळावर सरकवून
काचेला नाक लावून म्हणाला,
"ती फट राहिली की हो."

राहिली, म्हटलं.