यजमान

रात्री दोनला नक्कल सुटते नागपूरकडे.
खाली हर्णैच्या धक्क्यावर त्याच वेळी
आयेशाबी डिझेलच्या पावत्या फाडत असते.
आकडे थांबत नाहीत, हलतानाच टिपायचे,
चालत्या होडीला डांबर फासावं तसे.

बासष्ट टक्क्यांवर लाइन गेली.
आसूदच्या उतारावर कुणी खणलं असेल,
नाहीतर उंदीर.
पडद्यावर ती ओळ. शिकवायला आलेला पोरगा
तिचं मराठी करून गेलाय:
यजमान प्रतिसाद देत नाहीत.
हसले एकटीच.
माझेही देत नाहीत, सोमवारपासून,
तीस वाव पाण्यावर, रेंजबाहेर.

तीन वर्षांमागे
हिरवी खूण बघून मी झोपले होते.
मग वीज पडली, यंत्र जळलं,
नागपूरहून परत आली फाइल,
खलाशांची नावं 'म'पर्यंत.
रायबा वरवटकर कुठेच नव्हता.
त्याची आई बाकावर बसून राहिली,
पदरात पासबुक.

तेव्हापासून अर्धी नक्कल आधी पुसते.
नसलेली परवडली,
अर्धी आपण आहोत म्हणते.
मग थांबते पाच मिनिटं, दहा, वीस,
उगाच दार बडवत नाही.
पोचलीच तर बेरजा लावते,
आणि शुक्रवारी जुन्या डबड्यावर
परत उतरवून बघते:
र आहे का, व आहे का,
हसन, हरी, शेवटची पावती.

चार वाजून दहा. पुन्हा शून्य टक्के.
"अगो सुगंधा, आणखी एक घे," खालून हाक.
घेते.
तीन टक्के.