गाईखे म्हणतो, थांब

पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये दोन न्हाणीघरं.
एकात आम्ही अंघोळी करतो,
दुसऱ्यात वीस लिटरची पांढरी बादली
गोधडी पांघरून बसलेली.
जानेवारी आहे. पहाटे पारा आठावर,
निफाडला त्याहून खाली.
यीस्टलाही थंडी वाजते.

झाकणावरच्या नळीतून बुडबुडा येतो.
सोमवारी मोजता येत नव्हते,
बुधवारी चार सेकंदांना एक,
आज दोन बुडबुड्यांच्या मध्ये
माझी अर्धी दाढी झाली.

हॉप्स फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशवीमागे.
पन्नास ग्रॅम हिरव्या गोळ्या,
सशाच्या खाद्यासारख्या.
कुरियरवाल्याने पुडकं हुंगून विचारलं होतं,
आयुर्वेदिक का?
मी हो म्हणालो.

गाईखे दिंडोरीकडे वायनरीच्या लॅबमध्ये आहे.
बिअरला मनातून कमी लेखतो, पण फोन उचलतो.
'लवकर टाकशील तर वर जाणारा गॅस
सगळा वास घेऊन जाईल,
न्हाणीघर तेवढं सुगंधी होईल तुझं.
उशिरा टाकशील तर झाकण उघडताना शिरलेली हवा
खायला यीस्ट जागं नसेल,
मग पी पुठ्ठा.
थोडी साखर शिल्लक असतानाच टाक.'
थोडी म्हणजे?
'एक हजार अठरा. आज किती?'
चोवीस.
'थांब.'

मी हिशेब मांडला:
अठरा येणार गुरुवारी रात्री, तीनच्या सुमारास.
तेव्हा मी अंबडला, तिसऱ्या पाळीत,
प्रेससमोर. मोबाइल लॉकरमध्ये.

हेमलताला हा वास सोसत नाही.
शिळ्या भाकरीचा म्हणते, उदबत्ती लावते.
तिच्यासाठी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं:
हात स्पिरिटने पूस. काचेची नळी अलगद सोड.
रेघ डोळ्यांच्या पातळीत वाच.
अठरा असेल तरच.
तिने ते वीजबिलासारखं वाचलं
आणि फ्रीजवर चुंबकाखाली अडकवलं.

सकाळी सात वीसला आलो.
मटार पुढे सरकलेले.
फरशीवर एक हिरवा कण.
गोधडीची गाठ माझी नव्हती, तिची होती,
साडीच्या गाठोड्याला मारते तशी.
काचेची नळी डबीत, कोरडी.

केव्हा टाकलंस?
'दूध यायच्या आधी.'
आकडा?
'नाही बघितला.
भाकरीचा वास गेला, तेव्हा टाकलं.'
आणि कुकर लावायला वळली.
आमटीवर कोथिंबीरही ती अशीच टाकते,
गॅस बंद करून, झाकण ठेवून,
कुणालाही न विचारता.

तिच्या बोटांना वास होता.
आंब्याचा नव्हे,
देठ मोडल्यावर येतो त्या चिकाचा.

तीन दिवसांनी काढायचं, नाहीतर गवत लागेल.
म्हणजे सोमवारी. तेव्हा मी पहिल्या पाळीत.

दुपारी गाईखेचा फोन.
'कितीवर टाकलंस?'
नळी अजून डबीतच होती.
अठरा, म्हणालो.
'बघ,' तो म्हणाला, 'म्हटलं होतं की नाही, थांब.'