खुलासा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्रभारी),
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : सुट्टीच्या दिवशी दाखवलेल्या दोन तासिका.

महोदय,
बिल परत आलं. समासात तुमची लाल शाई :
‘शाळा बंद असता तासिका कशी? खुलासा द्यावा.’
देते.

चोवीस एप्रिलला पारा पंचेचाळिसावर गेला
आणि दुपारी आदेश आला, उद्यापासून शाळा बंद.
पोरं बोंबलत पळाली.
दमडूजींनी कूलरच्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी
कडुनिंबाला घातलं.
आम्ही कायमवाले हसलो, आमची सुट्टी पगारी.
बारापात्रे सर तेवढे
टेबलावरच खडूनं काहीतरी गुणत होते.
मग तळहातानं पुसलं.

‘मॅडम, उन्हाचेही पैसे कापता का जी?’
हसतच विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, ‘मी कुठं कापते हो, तासच होत नाही ना.’
हे वाक्य कधीतरी तुमच्या कार्यालयात
मला कोणी ऐकवलं होतं.
माझ्या तोंडून ते इतक्या सफाईनं निघालं
की मला माझीच भीती वाटली.

साहेब, मीही प्रभारीच. सहा वर्षं झाली.
या खुर्चीचा वेगळा पैसा नाही,
तिच्या एका पायाखाली जुनं हजेरीपत्रक दुमडून ठेवलंय,
नाहीतर ती डुलते.
केंद्रप्रमुख प्रभारी.
तुमच्या दारावर मागल्या साहेबांच्या नावावर
कागद चिकटवलाय,
कोपरा सुटलाय, त्यांचं आडनाव अजून डोकावतं.
एवढं शहर, एवढ्या शाळा,
आणि वरपासून खालपर्यंत आपण सगळे
कोणीतरी येईस्तोवर बसलेले.

असो. विषयाकडे येते.
सव्वीस तारखेला निकालपत्रकं भरायला मी लालगंजच्या शाळेत गेले.
कडुनिंबाखाली बारापात्रे सर,
समोर सातवीतली महेक
आणि तिच्या मांडीवर झोपलेला तिचा भाऊ.
फरशीवर कोळशानं काढलेल्या भाकरी,
एकीचे तीन तुकडे, एकीचे चार.
सावली सरकली की तिघंही सरकत,
भाऊ झोपेतच ओढला जाई,
पुढच्या फरशीवर पुन्हा नव्या भाकरी.
घंटा कुलपात होती, म्हणून मी फरश्या मोजल्या.
चार फरश्या. दोन तासिका.
तेवढ्याच लिहिल्या, पाचवी अर्धी सोडून दिली.

मला पाहून सर उठले,
चोरी पकडल्यासारखे म्हणाले,
‘असंच बसलो होतो, मॅडम. घरी लाईट नाही.’
घरी लाईट होती, हे मला माहीत आहे.
मी त्यांच्याच गल्लीतून आले होते.

आपण पुरावा मागितला आहे.
कोळसा दमडूजींनी धुऊन काढला.
बाकी महेकला बोलवा आणि विचारा,
तीन-चतुर्थांश मोठं की दोन-तृतीयांश.
ती आधी तुमच्याकडं बघेल, मग छताकडं,
मग बरोबर सांगेल. घाई करू नका.

नियमात बसत नाही, हे मला मान्य.
वसुली काढायचीच तर माझ्या पगारातून काढा.
मार्चचा अजून यायचा आहे.
तो आला की.

आपली विश्वासू,
पु. वि. हेडाऊ
मुख्याध्यापिका
(कंसातला शब्द तुम्हाला माहीत आहे.)