अठरा इंच

जळगावहून घरी आले तेव्हा
यांनी सगळीकडे टेप फिरवून ठेवला होता.
पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा,
खुर्चीवर गादीची घडी, घडीवर उशी,
संडासात पांढरा प्लास्टिकचा उंचवटा.
कुठंही टेका, अठरा इंचांच्या खाली नाही.
भिंतीवर पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली,
पूर ओसरल्यावर मारतात तशी.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं:
मांडी घालायची नाही. उकिडवं नाही.
पायावर पाय नाही.
विचारलं, किती दिवस?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

म्हणजे जमीन गेली.
सातबाऱ्यावरची नव्हे, घरातली, शहाबादी,
जिच्यावर बसून कळण्याच्या भाकरी थापल्या,
भरताची वांगी सोलली,
पोरांच्या पाठीत धपाटे घातले.
ती आता खाली राहायला गेली.
मी वरच्या मजल्यावर. अठरा इंच वर.

तिसऱ्या आठवड्यात केसांतला आकडा पडला,
पलंगाशेजारीच.
कुणालाही सांगितलं असतं तर उचलून दिला असता.
सांगितलं नाही.
सकाळी उठले की आधी त्याला बघायचे.
पाच दिवस होता.
सहाव्या दिवशी रेखानं तो केरात नेला
आणि मला उगाचच तिचा राग आला.

नजमा तडवी फैजपूरहून यायची,
स्कूटीवर, ऊन तापायच्या आधी.
काकू, वॉकर ढकलायचा नाही, उचलून ठेवायचा.
टाच आधी. मग चवडा.
माझ्याकडं नका बघू, समोर बघा.
देव्हाऱ्यापर्यंत अकरा पावलं,
तिथून मागच्या दारापर्यंत नऊ,
मोरीपाशी वळताना दोन जास्तीची.
हे ती बेरीज कॅलेंडरवर लिहीत, दुधाच्या खाली.
महिनाअखेरीस गवळ्याला
बावीस लिटरचे पैसे जास्त गेले.
त्यानं परत आणून दिले, हसत.

धुळ्याची नणंद आली. कसं शे व माय आते?
पोलादनी कंबर शे आते तुनी!
रात्री यांना म्हटलं,
राख सावडायला याल तेव्हा
एवढं एक चकाकेल बघा.
हे कूस बदलून म्हणाले,
तेव्हाचं तेव्हा. आधी जिना.

जिना चौदा पायऱ्यांचा.
वर गच्चीत पहाटेपासून बिबड्यांचं चाललेलं.
घाट्याचा वास माझ्या खिडकीपर्यंत उतरायचा,
पाण्याच्या हाताची थपथप,
आणि मधेच सगळ्या एकदम हसायच्या.
कशाला ते कळायचं नाही.

नजमा म्हणाली, लक्षात ठेवा,
चढताना शहाणा आधी,
उतरताना वेडा आधी.
शहाणा गेला. वेडा त्याच्या मागून, कुरकुरत.
सातव्या पायरीवर थांबले,
खाली पाहिल्यासारखं केलं. दम होता तो.

गच्चीत माझी खुर्ची आधीच मांडलेली.
टेप लावूनच मांडली असणार.
बसले, आणि पहिल्यांदा
सगळ्यांचे भांग वरून दिसले.
ललिताचा सरळ, रेघ ओढल्यासारखा.
सुनेचा वाकडा, घाईतला.
आणि कोकिळेचा किती रुंद झालाय,
मधे कातडी दिसते, गुलाबी.
चाळीस वर्षं हिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले,
कधी कळलं नव्हतं.
कोकिळा वर बघून म्हणाली, काय गं?
काही नाही, म्हटलं.

मला वाटीत घाटा दिला, वर कच्चं तेल,
लहान पोरांना देतात तसा.
तो खाल्ला. मग म्हटलं, इस्त्रीचं टेबल आणा.
हे धापा टाकत घेऊन आले.
वर ओलं फडकं पसरलं. उभ्यानं थापायची सवय नाही,
पहिलं बिबडं एका बाजूला जाड,
मधे भोक, त्यातून फडक्याची फुलं दिसत होती.
कोणी काही बोललं नाही.
दुसरं थापलं.

नजमानं घड्याळ पाहिलं.
काकू, आता उतरू या. वेडा आधी.
थांब गं, म्हटलं, ऊन अजून कोवळं आहे.