पलंगाचं लोखंड

पलंगाच्या चौकटीचं लोखंड साधं नसतं.
तीन ड्रिलबिटं मोडली तेव्हा कळलं.
चौथं लावण्याआधी तेल सोडलं, वेग उतरवला,
छातीने भार टाकला,
तेव्हा कुठे बारीक काळा कीस पडायला लागला.

बत्तीस वर्षं या अँगलांनी आम्हा दोघांना तोललं.
नोव्हेंबरपासून रेइनो खाली बैठकीत झोपतो,
दवाखान्याने दिलेल्या कठड्यांच्या खाटेवर.
वर मला एकटीला अरुंद दिवाण पुरतो.
मग हे भिंतीला टेकवून ठेवायचं तरी कशाला?

तो दोरीने ओढायचा. पिवळी नायलॉनची दोरी.
चढावर ठीक. उतारावर ब्रेक दाबला
की मासेमारीचा तंबू, शेगडी, बादली, गिरमिट,
अख्खी घसरगाडी मागून येऊन
स्नोमोबीलच्या ढुंगणावर आदळायची
आणि तो मान वळवून तिला फिनिशमध्ये शिव्या घालायचा,
जशी काही ती ऐकतच होती.

दोरी फक्त ओढते. थांबवत नाही.
त्याला मध्ये काहीतरी ताठ लागतं.
म्हणून हे दोन अँगल, पुढे टोकाला जुळलेले,
मागे घोड्याशिडीसारखे फाकलेले.
टोकाचं वेल्डिंग शेजारच्या आर्नीने करून दिलं.
पैसे नको, पहिला मासा दे, म्हणाला.
वेल्ड चघळून चिकटवलेल्या गमसारखा दिसतो,
पण धरतो.

कायमचा दांडा मात्र नको.
कायमचा जोडला तर घसरगाडी पिकअपमध्ये मावत नाही,
तंबूची झडप त्याच्यावर अडते,
आणि अंधारात त्याच्यावर नडगी आपटून घेणार ती मीच.
निघणारा हवा. मागच्या टोकांना दोन खिळी,
हातमोजा न काढता ओढता येतील अशा.

रेइनो खिडकीची काच ठोठावतो.
दोन बोटं दाखवतो, मग तिसरं अर्धं मुडपून.
अडीच काय? इंच? की
अडीच तास झाले मी गॅरेजमध्ये उभी आहे म्हणून?
मी मान डोलावते
आणि तीन सुताचं भोक पाडते.

जानेवारी. उणे एकोणीस.
माल्मी पॉईंटच्या पुढे बर्फ चौदा इंच,
चार ठिकाणी गिरमिट घालून मीच मोजला,
कारण मोजायला आता दुसरं कोण आहे.
किनाऱ्याच्या उतारावर ब्रेक दाबला, श्वास रोखून.
मागून काही आलं नाही.
फक्त दांड्यातून एक ठोका, खट्,
झोपेत त्याने कूस बदलली की यायचा
तसाच.

तंबू उभारायला हात मोकळे हवेत
म्हणून खिळी काढल्या आणि एक ओठांत धरली,
शिवताना टाचण्या धरते त्या सवयीने.
मूर्ख बाई! उणे एकोणीसात लोखंड!
थर्मासमधली कोमट कॉफी हनुवटीवरून ओघळवत
ती सुटली एकदाची,
पण ओठाची साल घेऊन.

तीन पर्च मिळाले. एक आर्नीला.
रेइनोने आधी ओठ बघितला, मग मासे,
मग विचारलं, "खडखडतो?"
"खडखडतो."
"अडीच सूत सांगत होतो मी."
"इंच वाटले."
"अडीच इंचाची खीळ? जहाज बांधायचं होतं?"
नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा तो हसला, तोंडाच्या एका बाजूने,
आणि मी हसले तर ओठ पुन्हा फाटला.

तळघरातून सायकलची जुनी ट्यूब आणली.
रबराचे वॉशर घातले की फट भरेल.
कात्री त्याने मागून घेतली.
हात थरथरतो, दुसऱ्या हाताने मनगट धरून तो कापतो,
वर्तुळ कसलं, बटाट्यासारखं काहीतरी.
एक. दुसरा. दोन खिळींना दोन पुरले असते.

मी मासे साफ करत उभी आहे, पाठ त्याच्याकडे,
आणि मागे कात्री
रबर चावत अजून चालू आहे.