हिरवा चौकोन

शुक्रवार, दुपारी चार ते रात्री आठ.
टेनेसीच्या नकाशावर माझ्या प्रोग्रामने
एक चौकोन लाल केला होता:
पगाराचा दिवस, शाळेची फुटबॉल मॅच, निसरडा उतार
आणि वळणापलीकडचं दारूचं दुकान.

व्हर्ना हस्कीने गस्तीची गाडी तिथेच लावली.
निळे दिवे गरगरत राहिले.
एक पिकअप आली, दिवे पाहून दबकली,
आतल्या पोराने घाईघाईने सीटबेल्ट ओढला.
गेली पुढे.
आठ वाजले. काहीच झालं नाही.
"म्हणजे तुझं गणित चुकलं,"
थर्मासमधली गार कॉफी खिडकीबाहेर ओतत ती म्हणाली.
मी हसलो. चुकावं म्हणूनच तर मांडतो आम्ही.

परतताना ती न सांगताच वळली.
बाराव्या मैलाला थांबली, पुन्हा दिवे लावले.
माझ्या स्क्रीनवर तिथे हिरवं:
दहा वर्षांत अपघात एक, मृत एक.
दखल घेण्याजोगं नाही.
कठड्याशी पांढरा क्रूस, प्लास्टिकची सूर्यफुलं,
उन्हापावसाने खाल्लेलं नाव: डेल ह
आणि पुढे नुसतं लाकूड.

ती बराच वेळ समोरच बघत होती.
"एकवीस मिनिटं लागली होती अँब्युलन्सला,"
म्हणाली, आणि घड्याळ बघून गाडी सुरू केली.

मध्यरात्री यादीत एक ओळ उमटली:
गाडी नेमल्या चौकोनाबाहेर, एकवीस मिनिटं.
कारण नोंदवा.
कर्सर लुकलुकत राहिला.
मी लिहिलं,
रस्ता ओला होता.