एकच आणलंस?

बांदा एलीत जायफळ पिकत नाही.
पिकतात मडकी.
आतून गोल दगड, बाहेरून फळी,
बायका ओली माती थोपटत बसतात,
आणि झावळ्यांच्या जाळात एखादं तडकलं
की म्हणतात, "उघडलं गं, पिकलं."
हा शब्द मडक्याचा नव्हे.
समुद्रापल्याड राहिलेल्या फळाचा.

चारशे वर्षं झाली.
डचांना मक्ता हवा होता जायफळाचा,
बेटावरची माणसं अडचणीची होती.
कापून उरले ते रात्री होड्यांत बसले.
कुणी कोंबडी घेतली, कुणी कुराण.
झाड कसं घेणार?

मग कंपनीचा नेम:
बी चुन्यात बुडवूनच जहाजात चढवायचं,
परमुलखात रुजायला नको.
साऱ्या जगाला चुना लावला, वर भाव आपलाच.
पळालेल्यांच्या जिभांना तेवढा
लावायचा राहून गेला.

सालेहा लातारच्या बोलीत जायफळाला पाच नावं.
हिरव्याला एक. फट पडली की दुसरं.
आतल्या लाल जाळीला तिसरं, किडक्याला चौथं.
पाचवं नेमकं कशाचं
ते आता गावात कुणालाच सांगता येत नाही,
तरी दर पिढीत एका मुलीला ठेवतात.

भाचा रुस्ली फेरीबोटीवर खलाशी.
यंदा तिकडे नांगर पडला होता त्याचा.
खिशातून काढून तिच्या तळव्यावर ठेवतो:
जर्दाळूएवढं, पिवळं, कुशीत फाटलेलं.
ती फटीत बोट घालते.
"एवढी लाल असते?"
हुंगते. शिंकते.
"सत्तर वर्षं तोंडात आहे माझ्या,
आणि वास माहीत नव्हता."

"ओलं आहे तोवर लाव, मावशी, रुजेल.
वाळलं की मग सारात किसायचं फक्त."
"एकच आणलंस?"
"एकच."

कुंड्यांना काय तोटा त्या घरात.
तिनं एक नवी घडवलीसुद्धा, बुडाला भोक पाडून,
माती भरली, पाणी शिंपडलं.
आणि बी ठेवलं चुलीवरच्या फळीवर.
लावलं आणि आलंच नाही, तर?
उद्या बघू.
उद्या वारा होता. परवा बाजार.
रोज पहाटे मात्र उतरवून
कानाशी हलवून बघायची.
रुस्लीनंच सांगितलं होतं,
पुरतं वाळलं की कवचात बी वाजतं.

सहाव्या आठवड्यात वाजलं.
कुडुक.
कुंडीत तोवर कसलंसं गवत उगवलेलं.
ती तशीच उठली, ओल्या हातांनी,
कुंपणापाशी गेली,
शेजारच्या हलीमाच्या कानाशी धरलं,
मग तिच्या सुनेच्या,
मग कडेवरच्या पोरीच्या.
पोरगी हसली.
तिचं नाव ते पाचवं.